सामन्याची कॅसेट

कॅसेट परत करताना रिवाइंड करून आणावी, अशी पाटी मी हातखंबा नाक्यावरच्या माझ्या व्हिडिओच्या दुकानात लावली होती. ती कोणी वाचत नसे. मग मी गिऱ्हाइकाच्या देखत कॅसेटची झडप वर करून फीत कुठे थांबली आहे ते बघायचो आणि बोलायचो. नाक्यावर लोक म्हणत, याच्याकडे माल चांगला, पण तोंड वाईट. मला दोन्ही मान्य होतं. मी नाक्यावर आलो तो एका पंक्चरवाल्याच्या टपरीच्या सावलीत रेडिओ दुरुस्त करत बसायला. तिथून स्वतःचं दुकान, त्यात भाड्याने द्यायचे टीव्ही आणि व्हीसीआर, भिंतभर कॅसेटी, हे सगळं मी गोड बोलून केलेलं नाही. मालवाल्याने सांगितलेला भाव मी आयुष्यात कधी मान्य केला नाही, आणि मी सांगितलेला भाव कोणी पाडला तर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पण त्या न गुंडाळलेल्या कॅसेटींनी मला एक नाद लावला. फीत शेवटाला थांबलेली असली तर समजावं, बघितली आणि दिली. पुष्कळदा मात्र ती मधेच कुठेतरी थांबलेली असायची. म्हणजे शेवट झाल्यावर कोणीतरी मागे नेऊन एखादा तुकडा पुन्हा बघितला होता आणि तिथेच बंद केलं होतं. कोणता तुकडा, याची मला उत्सुकता वाटू लागली. दुपारी नाका थंड असला की मी ती कॅसेट आहे तिथून लावायचो. कोणाच्या घरी काय पुन्हा बघितलं गेलं ते कळायचं. मारामारीचे तुकडे पोरं पुन्हा बघत, त्यात नवल नव्हतं. नवल मालिकांचं होतं.

आमच्याकडे टीव्ही उशिरा आला, आणि आला तेव्हाही मुंबईचे मराठी कार्यक्रम धड दिसत नसत. म्हणून मालिका मुंबईत कोणाच्या तरी घरी टीव्हीवरून भरून घेतली जायची आणि चाकरमान्याच्या पिशवीतून एस.टी.ने माझ्याकडे यायची. तिकडे लोक ती विसरून गेलेले असत, तेव्हा आमच्याकडे तिचा पहिला भाग लागायचा. एक मालिका खानावळ चालवणाऱ्या विधवेची आणि तिच्या दिरांची होती. तिला इतकी मागणी होती की फीत जागोजागी झिजून पांढऱ्या रेघा यायला लागल्या. नाक्याजवळच्या शाळेतल्या एक बाई ती पुन्हा पुन्हा न्यायच्या. एकदा मी त्यांना म्हणालो, "बाई, ही तुम्ही बघितलीय."

"म्हणून तर नेतेय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी नीट सांगितलं. पहिल्या खेपेला पुढे काय होणार याचीच काळजी असते. आता ते ठाऊक आहे, मग जीव मोकळा होतो. "बोलतोय त्याच्याकडे सगळेच बघतात हो," त्या म्हणाल्या, "मी आता बाकीच्यांकडे बघते. वहिनी रडत असते तेव्हा धाकटा दीर मागे काय करतो ते बघा एकदा. तो पातेल्यातलं वरण चाखतो."

त्या गेल्यावर मी बघितलं. तो खरंच वरण चाखत होता. मला हसू आलं, आणि गोष्ट तिथे संपली असती. पण त्या बाईंचं ते वाक्य पुढे माझ्या फार कामाला आलं. ते कसं, हे सांगायचं तर आधी माझी तक्रार सांगायला हवी.

मी ढोलकी वाजवायचो. आमचं गाव हातखंब्याहून आत, डोंगराच्या अंगाला. गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचतात. मधे शाहीर, ढोलकी आणि झांज, भोवती एका पायाला चाळ बांधलेले नाचणारे, असं तिचं रूप. तिचाच पुढे सामना होतो. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. एकाने गाण्यातून पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. आम्ही शक्तीवाले. आमचा शाहीर माझा थोरला चुलत भाऊ. त्याला सगळं गाव दादाच म्हणतं. मला ढोलकी शिकवली ती त्यानेच, माझ्या हातावर हात ठेवून.

असा एक सामना मुंबईच्या एका नाट्यगृहात झाला. समोरचे संगमेश्वराकडचे, नावाजलेले. आम्ही शेवटच्या उत्तरापर्यंत त्यांना पुरून उरलो. आणि त्या शेवटच्या उत्तरात, कडव्याच्या मध्यावर, गाणं एकीकडे आणि ढोलकी दुसरीकडे गेली. दादाने एकदम ध्रुपद, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ, धरलं, माझा हात कडव्यातच राहिला. सभागृह हसलं. समोरच्यांनी शिट्ट्या मारल्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला.

मुंबईत गावची खोली असते. ज्याला दुसरीकडे जागा नाही तो गावकरी तिथे पथारी टाकतो. सामन्यानंतर सगळे तिथे जमले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. ढोलकी पडली. मी म्हणालो, मी नाही चुकलो, दादाने कडवं सोडलं, विचारा त्याला. दादा फेट्याची घडी घालत होता. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने म्हणालो, मग आणखी काही काही बोललो. त्याने घडी पुरी केली, पिशवीत ठेवली आणि पाणी प्यायला उठला. गप्प राहणारा थोरला आणि ओरडणारा धाकटा यांच्यात गाव कोणाचं खरं मानणार. मी ढोलकी तिथेच ठेवली आणि निघून आलो.

त्यानंतर मी ढोलकीला हात लावला नाही. आमचा घरचा गणपती दादाकडे असतो. मी जायचो, आरतीला उभा राहायचो, प्रसाद हातावर घ्यायचो आणि त्या घरचं पाणी न पिता परत यायचो. गावाने मात्र विषय सोडला नाही. गावचा माणूस नाक्यावर बसमधून उतरला की दुकानासमोरून जाताना हटकून विचारायचा, "काय वो, उभी हाय का पडली?" एकाच्या मागे मी स्टूल घेऊन धावलो होतो. त्याने ती गोष्ट गावभर केली, आणि मग सगळेच विचारायला लागले.

असाच एक मे महिना. संगमेश्वराच्या अलीकडे एका वाडीत लग्न होतं आणि पाहुण्यांसाठी त्यांनी माझा टीव्ही-व्हीसीआर सांगितला होता. खानावळवालीची मालिका हवी होती. जोडणी करायला मी स्वतः गेलो, कारण नवीन घरात व्होल्टेजचा भरवसा नसतो. सकाळची हळद झाली होती, माजघरात बायका दाटीने बसल्या होत्या. मालिकेचे काही भाग झाले. मग नवरदेवाचा मामा आतून टॉवेलात गुंडाळलेली एक कॅसेट घेऊन आला. "आता आमची लावा," तो म्हणाला. "आमचा सामना हाय मुंबईतला. लग्नाचं शूटिंग करणारा आमच्या वळकीचा, त्याच्याकडनं घेतलाय."

मी कॅसेट लावली. पडद्यावर नाट्यगृह आलं. बाजूला कुठेतरी कॅमेरा ठेवलेला होता, चित्र जरा तिरकं होतं. आणि त्यात आमचा दादा उभा होता. त्याच्या पायाशी मी. काटकुळा, पातळ मिशीचा, जिभेचं टोक दातांत धरून वाजवणारा. मी जीभ दातांत धरतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरातल्या कोणी मला ओळखलं नाही. मधल्या वर्षांत मी रुंद झालो होतो, आणि व्हीसीआर जोडायला आलेल्या माणसाकडे कोण बघतो. त्यांना तो सामना पाठ होता. शेवटचं उत्तर सुरू झालं तसे सगळे सरसावून बसले. मामा म्हणाला, "आता बघा. आता पडंल." आणि पडली. सगळं माजघर हसलं. मागे भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, ती तेवढी हसली नाही. माझ्या पडद्यावरच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "बिचारा गो."

मला गावाने काय काय म्हटलं होतं. त्या 'बिचारा'इतकं काही लागलं नव्हतं.

पण ती कॅसेट मला हवी होती. वस्तू हवी असली की ती हवी आहे हे दाखवायचं नाही, एवढं मला कळत होतं. मी कॅसेट बाहेर काढली, झडप उघडून उजेडात धरली आणि म्हणालो, बुरशी धरायला लागलीय, आमच्या हवेत टिकणार नाही, साफ करावी लागेल. बुरशी खरंच होती, कडेला, थोडी. मामा हुशार होता. तो म्हणाला, इथेच करा. मी म्हणालो, इथे होत नाही. तो म्हणाला, मग राहू दे. मी व्हीसीआरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. बायकांत चुळबुळ झाली, कारण खानावळवालीचा धाकटा दीर नुकताच घर सोडून गेला होता. शेवटी ठरलं ते असं की पाहुणे जाईपर्यंत मालिकेच्या सगळ्या कॅसेटी त्यांच्याकडे राहतील आणि तोवर सामना माझ्याकडे. निघताना मामाने मला अडवलं.

"पण तुम्ही कुठले? शक्तीवाले का तुरेवाले?"

"मी व्हिडिओवाला," मी म्हणालो.

दुकानात दोन मशीन जोडून मी आधी तिची नक्कल काढून घेतली. नक्कल करताना आवाज बंद ठेवला होता. मग शटर अर्धं ओढलं, चित्र अंधुक केलं आणि नुसती ढोलकी ऐकली. डोळे मिटून, मांडीवर हात धरून ऐकली. माझा एकही हात चुकला नव्हता. कडवं चाललं होतं तिथे कडव्याचा ठेका, पुढच्या ओळीची वाट बघणारा, आणि दादाने ती ओळ सोडून ध्रुपदावर उडी मारली होती. इतकी वर्षं मी जे ओरडून सांगत होतो ते त्या फितीत स्वच्छ होतं. मला झालेला आनंद चांगल्या माणसाला होतो तसला नव्हता. मी लगेच गावाकडच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप दिला. येत्या रविवारी टीव्ही घेऊन येतो, शाळेत सामना दाखवतो, फुकट. कंडक्टरने 'फुकट' हा शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

निरोप गेला आणि मग मला चैन पडेना. मी चुकलो नव्हतो, ठीक. पण दादा का चुकला? त्याला ते कडवं येत नव्हतं असं नव्हतं. त्याची उत्तरं मी शेणाने सारवलेल्या अंगणात त्याच्यासमोर बसून पाठ होईस्तोवर ऐकलेली. बाकी शाहीर अडले की ढोलकीवाल्याला खूण करतात, तो ठेका लांबवतो. दादाने खूणही केली नव्हती. मी तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा मागे घेतला. पॉज केलं की चित्र रेघांनी थरथरायचं, काही दिसायचं नाही. चालत्या चित्रातच बघावं लागत होतं. आणि दर वेळी माझी नजर दादाच्या तोंडावर. ढोलकीवाला शाहिराच्या ओठांकडे बघतो, ती सवय तशी सुटत नाही.

तेव्हा मला शाळेतल्या बाई आठवल्या. मी कॅसेटचं रिकामं खोकं घेतलं आणि पडद्यावर दादाचं तोंड जिथे येत होतं तिथे आडवं धरलं.

मग बाकीचं दिसायला लागलं. नाचणारे दादाच्या मागून वळण घेत होते. त्यातल्या एकाचे गुडघे वाकले. नाचातलं वाकणं वेगळं असतं. हे वाकणं पोत्यासारखं होतं. आणि दादाचा डावा हात मागे गेला, न बघता गेला, आणि त्याने त्या माणसाच्या कमरेचा शेला मुठीत पकडला. तो माणूस त्या मुठीवर लोंबला. दादा प्रेक्षकांकडे तोंड करून गातच होता, तेव्हाच त्याने ओळ टाकली आणि ध्रुपद धरलं. मग त्या माणसाचा पाय खाली टेकला, चाळ वाजले, मूठ सुटली, आणि तो वळणातून पुढे निघून गेला.

त्याला मी ओळखत होतो. आमच्याच वाडीतला, माझ्याच वयाचा. ढोलकी शिकायला आम्ही बरोबर बसलो होतो. तो वाजवण्यात कच्चा आणि पायात पक्का निघाला. त्या वेळी तो मुंबईत गिरणीत होता. सामन्यानंतर काही काळाने तो गावी आला तो कायमचा. शेती करायचा, नवीन पोरांना नाच शिकवायचा.

रविवारी सकाळीच मी गावात पोचलो. टीव्ही शाळेत उतरवला आणि दादाच्या घराकडे गेलो. तो अंगणात कोकमासाठी रातांब्याची सालं वाळत घालत होता. मी समोर उभा राहिलो.

"त्याचे गुडघे गेले व्हते," मी म्हणालो.

"कोणाचे?"

"तू ज्याला धरलास त्याचे."

दादाने हातातली सालं पसरली. मग मान वर केली. "दिसतं त्यात?"

"बघितलं तर दिसतं."

तो पडवीत येऊन बसला आणि सांगायला लागला. गिरणी बंद पडली होती आणि त्या गड्याने गावी कळवलं नव्हतं. घरी बायको, म्हातारी आई. उसने घेऊन तो पूर्वीसारखीच मनीऑर्डर करायचा. सकाळी गावच्या खोलीतून डबा हातात घेऊन निघायचा, दिवसभर कुठल्याशा बागेत बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. डबा रिकामाच असायचा. सामन्याच्या तयारीसाठी दादा खोलीत राहायला होता म्हणून त्याच्या ते लक्षात आलं. त्या दिवशी तर गड्याच्या पोटात काही नव्हतं. तो पडला असं म्हटलं असतं तर एवढा तगडा माणूस पडला कशाने, हा पुढचा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गावात पोचलं असतं.

"मग माझ्या नावावर घातलंस?"

"मी तुजं नाव घेतलं न्हाय."

"पुसलंस पण न्हाय."

दादाने बोटांना लागलेला रातांब्याचा रस पंचाला पुसला. "तुला तोंड हाय," तो म्हणाला. "तू भांडशील, शिव्या देशील, पण उभा राहशील, ह्ये मला ठाव व्हतं. त्याला तोंड न्हाय. तो त्या दिवशी बसला असता तर परत उठला नसता."

मला संताप आला, आणि तो कुठे टाकावा ते कळेना. यात शिवी असती तर मी परत केली असती. ही तर माझी लायकी बघून माझ्या डोक्यावर ठेवलेली ओझ्याची पाटी होती, आणि मला न विचारता ठेवलेली. मी त्याला म्हणालो, ते सगळं ठीक, पण मी निरोप दिलाय, गाव जमणार, मी सामना लावणार. दादा म्हणाला, लाव. पण त्या गड्याला अजून वाटतं ढोलकीच पडली. त्याच्यामुळे सामना गेला हे त्याला ठाऊक नाही.

मग मी सौदा मांडला. तो तुकडा मी दाखवत नाही. त्याच्या बदल्यात तू सगळ्यांसमोर उभा राहून सांगायचंस की कडवं तुझ्याकडून सुटलं, ढोलकी बरोबर होती.

"बरं," दादा म्हणाला आणि पुन्हा सालांकडे गेला.

मी पुढची वाक्यं तयार ठेवली होती. ती सगळी तशीच राहिली. घासाघीस न करता कोणी कबूल झालं की मला वाटतं, आपण भाव कमी सांगितला.

दुपारी शाळा भरली. मे महिना, चाकरमानी आलेले, खिडक्यांवर कांबळी टाकून अंधार केलेला, आत नुसता घाम. मास्तरांच्या टेबलावर टीव्ही, खाली माझ्या पायाशी स्टॅबिलायझर. सामना सुरू झाला तसा गलका झाला. जो तो आपलं माणूस शोधत होता, एवढा बारीक व्हतास व्हय रे, म्हणत होता. आमचा झांजवाला मधल्या काळात वारला होता. मग तो पडद्यावर आला. तो झांज वाजवता वाजवता शेजाऱ्याकडे बघून हसला. मागून त्याची बायको हळूच म्हणाली, परत लावता येईल काय. मी मागे घेतलं. तो पुन्हा हसला. मग मी स्वतःच आणखी एकदा मागे घेतलं. त्या दिवशी उशीर होतोय म्हणून कोणी ओरडलं नाही.

शेवटचं उत्तर आलं. तो नाचणारा गडी सगळ्यांत पुढे, टेबलाला लागून बसला होता, मांडीवर मुलगी. लोक हसायच्या तयारीत. कडवं सुरू झालं आणि मी पायाच्या अंगठ्याने स्टॅबिलायझरचा खटका दाबला.

अंधार. "लाईट गेली," सगळे एका आवाजात म्हणाले. आमच्या भागात या गोष्टीचा संशय कोणी घेत नाही. कांबळ्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात दादा उभा राहिलेला दिसला.

"आता हायत सगळे तर सांगतो," तो म्हणाला. "तवा कडवं माज्याकडनं सुटलं. ढोलकी बरोबर व्हती."

मी वाट बघत होतो. इतकी वर्षं मला हेच वाक्य हवं होतं, याच माणसाच्या तोंडून, याच लोकांसमोर. मग पुढच्या ओळीतला एक म्हातारा खाकरला. "भावासाठी अंगावर घेतोस," तो म्हणाला. "थोरल्यानं असंच असावं." बायकांनी हो हो केलं. आणि मागून कोणीतरी विचारलं, "पण वो व्हिडिओवाले, लाईट नेमकी तितंच कशी गेली?"

सगळी शाळा हसली.

पुरावा माझ्यापासून अंगठ्याएवढ्या अंतरावर होता. खटका दाबायचा, फीत जरा मागे घ्यायची, पडद्यावर बोट ठेवायचं. दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनवणी नव्हती. ढोलकीवाला ठेका सोडणार नाही हे ठाऊक असलेला शाहीर बघतो तसा तो बघत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"व्होल्टेज," मी म्हणालो. मग खटका परत दाबला, फीत पुढे नेली आणि समोरच्यांची गाण्याची बारी लावली.

काही दिवसांनी, दुपारीच, तो नाचणारा गडी दुकानात आला. पायरीवर चपला काढून आत आला, भिंतीवरच्या कॅसेटी बघत राहिला. मग म्हणाला, "तो भाग लाव."

"कुठला?"

"लाईट गेली तो. तुजा पाय स्टॅबिलायझरवर व्हता. मी म्होरंच बसलो व्हतो."

मी शटर अर्धं ओढलं आणि लावलं. त्याला कुठे बघायचं ते सांगावं लागलं नाही. स्वतःचे गुडघे जाताना त्याने असे बघितले, जसे दुसऱ्याचे बघावेत, मान पुढे काढून, बारकाईने. दादाची मूठ आली तेव्हा त्याचा हात आपोआप कमरेकडे गेला. "मला वाटायचं डोळ्यांम्होरं नुसतं काळं आलं आणि गेलं," तो म्हणाला. "शेला मागनं ताणला व्हता, ते आठवतं. वाटलं, कशाला तरी अडाकला." त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "आता नुसती ढोलकी ऐकव."

मी चित्र अंधुक केलं. त्याने डोळे मिटले नाहीत, पण पाय जमिनीवर चालायला लागला. चाळ नसतानाही मला ते ऐकू येत होते. कडवं, ओळीची वाट, दादाची उडी, आणि तरीही सरळ चाललेला माझा हात. उत्तराची शेवटची थाप पडली तशी त्याने हात वर केला. मी मशीन थांबवलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "मी गणपतीत सांगतो सगळ्यांना."

मला हवं होतं तेच तो देत होता, तेही न मागता. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको. दादाशी ठरलंय माझं."

"ते तुमचं दोघांचं ठरलं," तो म्हणाला. "माज्याशी कोणी ठरवलं?"

सौद्यात तिसरा माणूस धरायला मी विसरलो होतो. तो चपला घालून एस.टी.ला निघून गेला.

गणपतीत त्याने सांगितलं. दादाच्या अंगणात, आरती झाल्यावर, पायाला चाळ बांधता बांधता तो म्हणाला, त्या सामन्यात मी पडलो, माझं पोट रिकामं होतं, दादाने मला धरलं म्हणून कडवं गेलं. ढोलकीचा संबंध नाही. त्याची बायको दारात उभी होती. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने तिने त्याच्यासाठी ताटात मोदक आणून ठेवले, नाचायच्या आधी खा म्हणून. मग तोच म्हातारा खाकरून म्हणाला, दादाचा हात लागलेली माणसं अशीच, दुसऱ्याचं ओझं आपल्यावर घेणारी. लोकांनी माना डोलावल्या. गावाला ती पडलेली ढोलकी इतकी आवडत होती की ती उभी करून त्यांना करायचं काय होतं, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

दादाने कोनाड्यातून ढोलकी काढून माझ्यासमोर ठेवली, मुंबईच्या खोलीत मी टाकून आलो होतो तीच. मी त्याच्या घरचं पाणी मागून घेतलं, ढोलकीची दोरी ताणली आणि बसलो. गड्याचा पाय त्या दिवशी फार हलका पडत होता. मी जीभ दातांत धरतो का, ते बघायला कोणी कॅमेरा ठेवलेला नव्हता.

नाक्यावर अजून कोणीतरी उतरतं आणि विचारतं, उभी हाय का पडली. मी अजून चिडतो. दुकान आता दुसऱ्याच मालाचं आहे, कॅसेटी बुरशीने गेल्या, बहुतेक मी टाकून दिल्या. सामन्याची नक्कल मात्र खोक्यात आहे. त्या दुपारी तो गडी गेल्यावर मी ती मशीनमधून काढली. गिऱ्हाइकांवर ओरडणारा मी, पण ती रिवाइंड केली नाही. त्याने हात वर केला तिथेच तिची फीत थांबलेली आहे.